पहिला सिलिंडर

"मॅडम, टीम नवी आहे, एकही स्प्रिंट झालेला नाही, आणि व्हेलॉसिटीचा आकडा सोमवारी मागताहेत. चुकला तर?" मी समुपदेशक. हिंजवडीतून येणाऱ्या स्क्रम मास्टरांकडून, म्हणजे सॉफ्टवेअर टीमचं काम सुरळीत चालावं हे बघणाऱ्यांकडून, हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की आता लिहायलाच बसले. स्प्रिंट म्हणजे कामाचा ठरावीक, छोटा टप्पा. पॉइंट म्हणजे काम किती मोठं याचा टीमने ठरवलेला अंदाज, आणि एका स्प्रिंटमध्ये जेवढ्या पॉइंटांचं काम पूर्ण होतं ती व्हेलॉसिटी. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

त्यांतल्या एकीकडे सहा जणांची टीम होती, दोन आठवड्यांचे स्प्रिंट. जुन्या टीमचा ४० पॉइंटांचा आकडा तिने तसाच पुढे केला होता आणि तेव्हापासून झोप उडाली होती.

"आकडा बरोबरच यायला हवा."

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. 'असंच व्हायला हवं' हा हट्टच माणसाला छळतो, असं ते म्हणत, त्यामुळे माझा कान त्या 'च'वर अडकतो. पण दोन भेटींत तो दाखवूनही उपयोग झाला नाही. इथे पटायचं, घरी गेली की पुन्हा धडधड.

तिसऱ्या भेटीत विचारलं, "लग्नानंतर पहिला सिलिंडर किती दिवस जाईल, हे कसं ठरवलंस?"

"ठरवणार कसं? लावल्याची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवली. आईकडे महिना जायचा, पण तिथे माणसं पाच, दोन्ही वेळा पोळ्या."

"मग अंदाज कधी आला?"

"दोन-तीन सिलिंडर संपल्यावर..." ती थांबली. बराच वेळ बोलली नाही. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला फार वर्षांनी जमलंय. मग तीच म्हणाली, "चाळीस हा आईकडचा आकडा आहे."

तुमची टीम नवी असेल तर दुसऱ्यांचे पॉइंट आणू नका. त्यांचा ३ आणि तुमचा ३ सारखा नसतो. दिवसाचे आठ तासही धरू नका. मीटिंगा वजा जाता पाच धरले, तर सहा जणांचे दहा दिवसांत ३०० तास होतात, त्यातून सुट्ट्या काढा. मग बॅकलॉगमधली (करायच्या कामांच्या यादीतली) वरची एकेक स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला हवी असलेली एक सोय, घ्या, तिची कामं पाडा, तास मांडा. टीम "बास" म्हणेल तिथे थांबा. तोवर घेतलेल्या पॉइंटांची बेरीज हा पहिला अंदाज. तो सांगताना मात्र रेंज सांगा.

तिच्या टीमची बेरीज २१ आली. मॅनेजरना तिने सांगितलं, "१५ ते २७. तीन स्प्रिंट झाले की सरासरी देते."

पहिल्या स्प्रिंटमध्ये १४ झाले. एक ५ पॉइंटांची स्टोरी अर्धवट राहिली होती, तिचे काहीच धरायचे नाहीत यावर ती ठाम राहिली. "रेंजच्याही खाली गेलो, मॅडम," फोनवर आवाज शांत होता, "पण हा आमच्या घरचा आकडा आहे."

पुढे १९ झाले, मग १८. आता विचारलं की ती १७ सांगते.