फॉर्मवर सगळ्यांनाच येतं

प्रश्न: मी तालुक्याच्या कॉलेजात लायब्ररियन आहे. पोरांना माहिती शोधता येते का, हे मोजायचं म्हणून गूगल फॉर्म पाठवला. ‘विश्वासार्ह माहिती ओळखता येते का?’ याला बहुतेकांनी पाचपैकी पाच दिले, आणि प्रोजेक्ट बघावेत तर पहिल्या लिंकवरून जसेच्या तसे उचललेले. मग मोजायचं कसं?

उत्तर: ताई, फॉर्ममधून पोरांचा कॉन्फिडन्स कळतो, बाकी काही नाही. पोहता येतं का हे विचारून कळत नाही, विहिरीत उतरवावंच लागतं. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तेच केलं. 10 इतिहासकार, 10 फॅक्ट चेकर (माहिती खरी की खोटी ते तपासणं हेच ज्यांचं काम) आणि स्टॅनफर्डचेच 25 विद्यार्थी स्क्रीनसमोर बसवले, बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांच्या साइट दाखवल्या, एक 1930 पासूनची मोठी, दुसरी 2002 मध्ये तिच्यातून फुटलेली छोटीशी, आणि यातली जास्त विश्वासार्ह कोणती ते विचारलं. फॅक्ट चेकर लगेच पान सोडून दुसऱ्या टॅबमध्ये त्या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते बघायला गेले, आणि पोरं मात्र त्याच पानावर, लोगो किती छान, खाली संदर्भ किती, हेच बघत बसली आणि बरीचशी फसली. एवढ्या नावाजलेल्या युनिव्हर्सिटीतली पोरं बरं का, म्हणून आपल्या पोरांना नावं ठेवू नका.

तुम्ही पाचसहा जणांपासून सुरुवात करा. एकेकाला बसवा, त्याच्याच विषयातला एक प्रश्न द्या, परवानगी घेऊन स्क्रीन रेकॉर्ड करा आणि मधे अजिबात बोलू नका (हे फार अवघड जातं!). मी केलं तेव्हा टीवायच्या एका मुलाला ठिबक सिंचनाने पाणी किती वाचतं ते शोधायला सांगितलं. त्याने अख्खा प्रश्न जसाच्या तसा टाइप केला, पहिली लिंक उघडली, ती ठिबकचे पाइप विकणाऱ्या कंपनीची होती, आणि आकडा वहीत उतरवला. हे कोणी लिहिलंय विचारलं तर म्हणाला, “गूगलने, मॅडम.” अगदी प्रामाणिकपणे म्हणाला हो, त्याला आजवर कोणी सांगितलंच नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

म्हणून मार्क उत्तराला देऊ नका, वाटेला द्या. शब्द बदलून पाहिले का, दुसरा टॅब उघडला का, लिहिणारा कोण ते बघितलं का, शोधगंगेवर (पीएचडीचे प्रबंध ठेवलेली साइट) किंवा सरकारी अहवालाकडे वळला का. मग दोन तास शिकवा आणि महिन्याभराने पुन्हा बसवा, फक्त प्रश्न नवा द्या, नाहीतर जुनं उत्तर पाठच असतं.