हास्केल लायब्ररीत चूक कशी कळवावी: मेबी, ईदर की एरर?

हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत चादरींच्या ऑर्डरी वाचणाऱ्या लायब्ररीत चुकीची ओळ आली तर मेबी (उत्तर किंवा नुसतं 'नाही') द्यावं, ईदर (उत्तर किंवा चुकीचं कारण) द्यावं की सरळ एरर फेकून प्रोग्राम थांबवावा, असं तुम्ही विचारलंय. ईदर द्या.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका यंत्रमाग कारखान्यासाठी मी हेच काम केलंय. आधी मेबी होतं. मापात '६० बाय ९०' ऐवजी कुणी '६०-९०' टाकलं की हाती नुसतं नथिंग, म्हणजे मेबीचं रिकामं उत्तर, यायचं, आणि हिशोब बघणारे काका दीडशे ओळींवरून बोट फिरवत बसायचे. मग ईदर घेतलं, त्याच्या लेफ्टमध्ये, म्हणजे चूक सांगणाऱ्या बाजूत, ओळ क्रमांक आणि तिथला मजकूर दिला, चूक लगेच दिसू लागली.

एक लक्षात ठेवा, यादीतल्या प्रत्येक ओळीवर तपासणी चालवणारं ट्रॅव्हर्स फंक्शन ईदरसोबत पहिल्याच चुकीवर थांबतं. सगळ्या चुका एकदम हव्या असतील तर प्रत्येक ओळ वेगळी तपासून चुका आणि बरोबर उत्तरं वेगळी करणारं पार्टिशन-ईदर्स वापरा.

लेफ्टमध्ये स्ट्रिंग नको, स्वतःचा डेटा टाइप करा. वापरणाऱ्याला पॅटर्न मॅच करता येतो, म्हणजे चुकीच्या प्रकारानुसार वेगळी कृती ठरवता येते. मापाला न्यूटाइप (आहे त्या टाइपभोवती गुंडाळलेला वेगळा टाइप) घ्या, पण त्याचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे न तपासता थेट माप बनवायची वाट, एक्स्पोर्ट करू नका, तपासून माप बनवणारं फंक्शन तेवढं द्या.

मेबी लुकअपसारख्या (यादीत काही शोधण्याच्या) ठिकाणी शोभतं, जिथे 'सापडलं नाही' एवढंच कारण असतं. आणि यादीतला पहिला घटक देणारं हेड टाळाच! रिकाम्या यादीवर प्रोग्राम कोसळतो; जीएचसी या हास्केल कंपायलरच्या ९.८ आवृत्तीपासून तोही हेड वापरल्यास इशारा देतो.