राहून गेलेली संध्याकाळची दुआ

सोलापूरच्या विजापूर वेस भागातून एका भगिनीचे पत्र आले आहे. दिवंगत सासूबाईंनी वहीत देवनागरीत उतरवून दिलेल्या संध्याकाळच्या दुआ त्या अकरा वर्षे नेमाने म्हणत होत्या. दोन महिन्यांपूर्वी चार दिवसांनी नळाला पाणी आले ते नेमके अस्रच्या (दुपारनंतरच्या) नमाजेनंतर, आणि हंडे, पिंपे भरता भरता मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजेची) अजान झाली. दुआ राहून गेल्या. त्याच संध्याकाळी त्यांचा सात वर्षांचा मुलगा जिन्यावरून घसरला आणि त्याचा हात मोडला. ‘हिफाजतीची (संरक्षणाची) दुआ सोडलीस म्हणून असे झाले,’ असे नणंद म्हणाली. तेव्हापासून एखादा शब्द चुकल्यासारखा वाटला, तरी त्या पहिल्यापासून सुरुवात करतात. दीड-दीड तास जातो, स्वयंपाक खोळंबतो, आणि प्लास्टर निघालेला मुलगा दारात उभा राहून विचारतो, ‘अम्मी, आज बरोबर झालं ना?’

प्रिय भगिनी, अस्सलामु अलैकुम.

मुलाच्या त्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. तुमची भीती आता त्याच्याही मनात उतरली आहे, म्हणून प्रथम नणंदबाईंच्या बोलण्याविषयी लिहिते. त्यांच्या मनात बहुधा ‘बिस्मिल्लाहिल्लजी ला यजुर्रु’ ही दुआ असावी. ती सकाळ-संध्याकाळ तीन वेळा म्हणणाऱ्याला कशाचाही अपाय होत नाही, असे तिसरे खलिफा हजरत उस्मान यांच्याकडून त्यांचे पुत्र अबान यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनात, आहे. पण या हदीसची पुढची हकिकत फारशी सांगितली जात नाही. पुढे अबान यांनाच अर्धांगवायूचा झटका आला आणि ही हदीस त्यांच्याच तोंडून ऐकलेला एक मनुष्य त्यांच्याकडे टक लावून पाहू लागला, तेव्हा ते म्हणाले की हदीस मी सांगितली तशीच आहे, पण त्या दिवशी मी ती दुआ म्हटली नाही, जेणेकरून अल्लाहने ठरवलेले घडून यावे. ज्याच्यावर स्वतः बेतले त्या माणसाने आजाराला शिक्षा म्हटले नाही आणि दुआवरचा विश्वासही सोडला नाही. मग जिन्याच्या ओल्या पायरीचा दोष तुमच्या माथी मारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तुम्ही दुआ मुद्दाम टाळली नव्हती; घरासाठी पाणी भरताना ती राहून गेली. कुरआनातील सूरह बकराची शेवटची, म्हणजे 286 वी आयत तुम्हाला पाठ असेलच. अल्लाह कोणावरही त्याच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकत नाही, असे ती सुरुवातीलाच सांगते आणि लगेच आपल्याला मागायला शिकवते की, हे पालनकर्त्या, आम्ही विसरलो किंवा आमच्या हातून चूक झाली तर आम्हाला धरू नकोस. ही मागणी मान्य झाल्याचे ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहातील हदीस सांगते. तुमच्या त्या संध्याकाळविषयी याहून स्पष्ट उत्तर मला माहीत नाही. शिवाय या सूरहच्या शेवटच्या दोन आयती जो रात्री वाचेल त्याला त्या पुरेशा होतात, असे बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. म्हणून पाणी येण्याच्या दिवशी इशाच्या (रात्रीच्या) नमाजेनंतर तेवढ्याच वाचल्यात तरी मनाला टोचणी लावून घेऊ नका. राहिलेल्या दुआंची कजा करायची का, म्हणजे त्या नंतर भरून काढायच्या का, असे तुम्ही विचारले आहे. फर्ज (अनिवार्य) नमाजेसारखी कजा त्यांना नाही. आठवेल तेव्हा म्हणाव्यात.

हिफाजतीविषयी आणखी एक गोष्ट. रात्र पडू लागली की मुलांना घरात घ्या, अल्लाहचे नाव घेऊन दारे लावा, भांडी झाका, पखालींची तोंडे बांधा, दिवे मालवा, असे पैगंबरांनी (सल्लल्लाहु अलैहि व सल्लम) सांगितल्याचे हजरत जाबिर यांच्या हदीसमध्ये आहे. अल्लाहचे नाव आणि हाताने करायचे काम तिथे एकत्रच आले आहे. तुम्ही भरलेली पिंपे झाकता तेव्हा हेच करत असता, आणि जिन्याच्या पायरीवर गोणपाट टाकणे हेही मी त्यातच धरते.

आता त्या दीड तासाविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. पुन:पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावणारी ती भीती म्हणजे वसवसा, मनात संशय पेरणारी कुजबुज आहे, आणि तुम्ही रोज म्हणता त्या सूरह नासमध्ये नेमके त्याच्यापासूनच संरक्षण मागितलेले आहे. खात्री संशयाने नाहीशी होत नाही, हा फिकहचा (इस्लामी धर्मशास्त्राचा) जुना नियम आहे. एकदा म्हटलेली दुआ म्हटली गेली, मागे वळायचे नाही. उच्चार अडखळतात याचीही धास्ती नको, कारण कष्टाने अडखळत कुरआन वाचणाऱ्याला दुहेरी सवाब (पुण्य) असल्याचे हदीसमध्ये आले आहे; मात्र देवनागरीत काही अरबी अक्षरांचे भेद दिसत नाहीत, म्हणून शेजारच्या एखाद्या जाणत्या बाईकडून सावकाश ऐकून घ्या. महिनाभरात ही ओढ कमी झाली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांना अवश्य भेटा. हा आजार ओळखीचा आहे, त्यावर उपचार आहेत, आणि उपचार घेतल्याने ईमानाला बाधा येत नाही.

क्षमेसाठी सय्यदुल इस्तिगफार, म्हणजे क्षमायाचनेची सर्वश्रेष्ठ दुआ, एकदाच, समजून म्हणा. हजरत शद्दाद बिन औस यांनी सांगितलेल्या त्या दुआत बंदा आपला करार ‘माझ्याने होईल तितका’ पाळत असल्याचे म्हणतो, तुझ्या कृपाही मान्य करतो आणि माझे गुन्हेही मान्य करतो, मला माफ कर, असे मागतो. ‘माझ्याने होईल तितका’ या अर्थाच्या ‘मस्ततअतु’ या शब्दापाशी क्षणभर थांबा. तुमच्यासारख्या थकलेल्या आईसाठी त्यात फार मोठी जागा आहे.

रात्री झोपताना इख्लास, फलक आणि नास या सूरह म्हणून ओंजळीत फुंकर घालून हात अंगावरून फिरवण्याचा पैगंबरांचा रिवाज हजरत आयशा यांनी सांगितला आहे. आज मुलाला शेजारी बसवून त्याच्याबरोबर म्हणा, आणि त्याच्या बऱ्या झालेल्या हातावरून हात फिरवताना त्याला सांगा की तू पडलास तो पायरी ओली होती म्हणून.