तीस फुटांपलीकडचे शॉट: आकडे कुठे बघायचे आणि कसे वाचायचे

तू विचारलंयस की एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, तीस फुटांपलीकडून मारलेल्या शॉटची आकडेवारी कुठे मिळेल आणि हाफ कोर्टवरून किती टक्के जातात. फोंड्याच्या शाळेतली तुझी मुलं प्रॅक्टिसला आल्या आल्या लांबून बॉल फेकत सुटतात, त्यांना ती दाखवायचीय. आकडे फुकट मिळतात आणि भरपूर मिळतात. मी बरीच वर्षं म्हापसा-मडगावच्या स्पर्धांत स्कोअरशीट लिहीत आलोय, म्हणून आधी एक सांगतो. ‘लांबचा शॉट’ या एका नावाखाली चार वेगळ्या गोष्टी येतात: कोपऱ्यातला थ्री (तीन गुणांचा शॉट), थ्रीच्या रेषेच्या समोरच्या कमानीवरचा थ्री, कमानीच्याही पाच-सहा फूट मागून ठरवून मारलेला शॉट आणि क्वार्टर (सामन्याच्या चार भागांतला एक) संपता संपता भिरकावलेला बॉल. चौघांचा टक्का एकत्र केलास तर जो आकडा येईल तो कुणाचाच नसेल.

सुरुवात बास्केटबॉल रेफरन्स या वेबसाइटपासून कर. कुठल्याही खेळाडूचं पान उघड आणि खाली शूटिंगच्या तक्त्यापर्यंत जा. तिथे अंतराचे गट मिळतील: ०-३ फूट, ३-१०, १०-१६, १६ पासून थ्रीच्या रेषेपर्यंत, आणि थ्री. प्रत्येक गटात त्याने किती हिस्सा शॉट मारले आणि किती टक्के गेले, दोन्ही वेगळं दिलेलं असतं. शेवटी कोपऱ्यातल्या थ्रीचे रकाने आणि हाफ कोर्टपलीकडून मारलेल्यांचा हिशेब. तीस फुटांचा वेगळा गट मात्र तिथे नाही. त्यासाठी एनबीएच्या स्वतःच्या स्टॅट्सच्या पानावर जायचं, खेळाडू निवडायचा आणि त्याचं शूटिंगचं विभाजन पाच-पाच फुटांच्या गटांत बघायचं: २५-२९, ३०-३४, ३५-३९, ४० च्या पुढे. तुला हवं ते हेच.

आता फसगत कुठे होते ते नीट वाच. एनबीएची थ्रीची रेषा समोरून २३ फूट ९ इंचांवर आहे, पण कोपऱ्यात ती २२ फुटांवर येते. त्यामुळे २०-२४ फुटांच्या गटात कोपऱ्यातले थ्री आणि रेषेवर पाय ठेवून मारलेले लांब दोन गुणांचे शॉट, दोन्ही एकाच टोपलीत पडतात. एक लीगमधला चांगल्या फायद्याचा शॉट, दुसरा तोट्याचा. म्हणून त्या अंतरासाठी फूट सोडून दे आणि झोनप्रमाणे बघ: डावा कोपरा, उजवा कोपरा, कमानीच्या वरचा भाग, मिड-रेंज (रेषेच्या आतले मधल्या अंतराचे शॉट).

दुसरी गोष्ट वर्षाची. शॉट कुठून मारला याची नोंद १९९६-९७ च्या हंगामापासून मिळते. पण १९९४-९५ ते १९९६-९७ असे तीन हंगाम एनबीएने रेषा आत ओढून सगळीकडे २२ फुटांवर ठेवली होती. म्हणजे तक्त्याची पहिलीच ओळ आखूड रेषेची आहे. तुलना करायची तर १९९७-९८ पासून पुढे कर.

हाफ कोर्टच्या बाबतीत सांगायचं तर रिंगच्या केंद्रापासून मधली रेषा एनबीएच्या कोर्टवर पावणेबेचाळीस फुटांवर असते, आणि तिच्या पलीकडून शंभर मारले तर जाणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. तिथेही आकड्याला एक वाकण आहे. आपला टक्का घसरू नये म्हणून कित्येक खेळाडू मुद्दाम भोंगा वाजल्यावर बॉल सोडायचे, म्हणजे प्रयत्नच मोजला जात नसे. २०२५-२६ पासून एनबीएने नियम बदलला. पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या तीन सेकंदांत, आपल्या अर्ध्यातून सुरू झालेल्या चालीत ३६ फूट किंवा त्याहून लांबून मारलेला आणि चुकलेला शॉट आता खेळाडूच्या नावावर पडत नाही, संघाच्या खात्यात जातो. त्यामुळे त्या हंगामापासूनचा वैयक्तिक टक्का जुन्याशेजारी तसाच ठेवू नकोस.

मुलांना गोष्ट सांगायचीच असेल तर एनबीएतल्या बॅरन डेव्हिसची सांग. फेब्रुवारी २००१ मध्ये त्याने ८९ फुटांवरून बास्केट केली. कोर्ट ९४ फुटांचं, रिंगचं केंद्र पलीकडच्या बेसलाइनपासून (कोर्टच्या टोकाच्या रेषेपासून) सव्वापाच फूट आत, म्हणजे उरतात ८८ फूट ९ इंच. गडी आपल्याच बेसलाइनवर उभा होता! आणि जेरी वेस्टचीही सांग. १९७० च्या अंतिम मालिकेत त्याने साठ फुटांवरून मारून सामना बरोबरीत आणला, पण तेव्हा एनबीएत थ्री नव्हताच, म्हणून दोनच गुण मिळाले आणि त्याचा संघ लेकर्स जादा वेळेत हरला. थ्रीची रेषा आली १९७९-८० मध्ये. त्या हंगामात संघ सामन्याला सरासरी २.८ थ्री मारत आणि टक्का होता २८. २०२४-२५ मध्ये सरासरी ३७.६ थ्री आणि टक्का ३६.

हा ३६ टक्का फळ्यावर लिहून दे. शंभर शॉटला १०८ गुण. तेवढेच गुण दोनच्या शॉटने काढायचे तर ५४ टक्के जावे लागतात, आणि लांबच्या दोनला तेवढे जात नाहीत. स्टीफन करीने २०१५-१६ मध्ये ८८६ थ्री मारून ४०२ घातले, म्हणजे ४५.४ टक्के. मुलं करीचं नाव घेऊन तीस फुटांवरून मारतात तेव्हा त्यांना आधी हा ८८६ दाखव. एवढे प्रयत्न असले की टक्क्यावर विश्वास ठेवता येतो. पाचात तीन गेले याला साठ टक्के म्हणू नये.

आणखी एक, आपल्या कोर्टचं. आपल्याकडे रेषा फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) मापाची, ६.७५ मीटर, कोपऱ्यात ६.६० मीटर. २०१० पूर्वी ती ६.२५ होती. दोन वर्षांमागे एका शाळेच्या उघड्या कोर्टवर मी टेप लावली, तर रेषा अजून ६.२५ वरच! रंग ताजा, माप जुनं. पावसाळा सरला की दरवर्षी जुन्याच खुणेवरून ब्रश फिरवत आलेले. त्या पोरांचा टक्का छान दिसायचा आणि स्पर्धेला गेली की अर्धा मीटर कमी पडायचं. तुझ्याकडची रेषा उद्याच मोजून घे, रिंगच्या केंद्राखालून ओळंबा सोडून. तीस फूट म्हणजे ९.१४ मीटर, तिथेही खडूने एक खूण कर.

मी अजून सामना बघताना वही घेऊन बसतो. पहाटेचा सामना असला तर पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू ऐकू येईपर्यंत दुसरा क्वार्टर झालेला असतो. वहीत चार रकाने, वर सांगितलेले चार शॉट, आणि गेला तर उभी रेघ, चुकला तर आडवी. तुझ्या मुलांतल्याच एकाला, जो दुखापतीने बाहेर बसलाय त्याला, अशी वही दे. महिनाभर भरली की त्यांचे आकडे एनबीएच्या आकड्यांशेजारी मांडता येतील. मग इथे टाक, मी बसून बघतो.