चोरून दिलेलं औषध

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यातली गोष्ट. त्या दिवसांत धुळ्यात दुपारी दोनला रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मी समुपदेशन करते. त्या वेळेला येऊ का म्हणून विचारणारा माणूस खरंच अडलेला असतो. ती आली तेव्हा घामाने ओढणी मानेला चिकटली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नवरा नोकरीसाठी पुण्याला, घरी सासरे, दोन मुलं आणि काळ्या नावाचा आठ वर्षांचा गावठी कुत्रा. (त्यांना विचारूनच लिहितेय. ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

"ताई, आण्णा म्हणतात दवाखान्यात न्यायचं नाही, झाडपाल्यानेच बरा होईल. मला नेमकं उलट वाटतं. आण्णांचं ऐकलं आणि काळ्या गेला, तर मला रात्री झोप लागायची नाही. नाही ऐकलं आणि तरीही गेला, तर घरात उभं राहायची सोय नाही. मी काय करू?"

ही काळजी माझ्याकडे वेगवेगळ्या रूपांत येते. कुणाला होमिओपॅथीच्या गोळ्या द्यायच्या असतात, कुणाला कुत्र्यासाठी आयुर्वेदाचा वैद्य हवा असतो, कुणी इंटरनेटवर 'नैसर्गिक' शब्द वाचून हुरळलेलं असतं. मला वाटलं, सासरा आणि सून यांच्यात घरात कुणाचं चालणार हा जुना तिढा, कुत्रं फक्त निमित्त. मी अर्धा-पाऊण तास तोच धागा ओढत बसले. मग ती सहज म्हणाली, "सकाळी फरशीवर रक्ताचे थेंब होते. नाकातून आले असतील."

मी पेन खाली ठेवलं. समुपदेशन नंतर, आधी दवाखाना. माझी चूक अशी की हे मी पहिल्या पाच मिनिटांत विचारायला हवं होतं. आता कुणीही जनावराचं दुखणं घेऊन आलं की पहिला प्रश्न हाच: रक्त, धाप, फिट, पोट फुगणं, लघवी अडकणं, यातलं काही आहे का? असेल तर कोणती पद्धत बरी, हा वाद त्या दिवशी घालायचाच नाही.

संध्याकाळी तिचा फोन आला. गोचीड ताप, म्हणजे गोचिडांच्या चाव्यातून होणारं जंतूचं दुखणं. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी, ३८ हजार निघाल्या. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. डॉक्सीसायक्लीनची गोळी, २८ दिवस. दोन-चार दिवसांत कुत्रं उठून शेपटी हलवायला लागतं आणि लोक गोळी सोडून देतात. मग जंतू अंगात दबा धरून राहतो, आणि पुढे दुखणं हाडांच्या मगजापर्यंत गेलं की हाती फार काही उरत नाही.

पुढच्या वेळी मी आण्णांनाही बोलावलं. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. साक्री तालुक्यातला शेतकरी माणूस, गुडघ्यांमुळे शेती सुटली म्हणून शहरात आलेला. मी आधी त्यांनाच बोलू दिलं. त्यांच्या गायीला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली होती, तेव्हा कोरफड, हळद आणि चुना वाटून कासेला लावला आणि गाय बरी झाली. यात खोटं काही नाही. हाच लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळसुद्धा कासदाहासाठी सुचवतं. आणि दवाखान्यावर राग का? आधीच्या पिल्लाला रक्ताची हगवण लागली होती. कुठल्याशा दवाखान्यात सलाईन लावलं, दुसऱ्या दिवशी ते गेलं. "सुई टोचली आणि मेलं," आण्णा म्हणाले. लस न घेतलेलं पिल्लू, रक्ताची हगवण, म्हणजे पार्व्हो या विषाणूच्या दुखण्याचा संशय आधी येतो. त्यात उपचार करूनही पिल्लं दगावतात. पण हे त्यांना तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. बिल देऊन पाठवलं होतं.

मग मी विचारलं, "आण्णा, काळ्याला तुम्ही काय काय दिलं?"

खूप वेळ शांतता. मग, सुनेकडे न बघता: "लसूण. तुपात परतून. रोज चार पाकळ्या. गोचीड पळतात त्याने."

सून पुढे झाली, मला वाटलं आता भडका उडेल. पण ती म्हणाली, "आण्णा, मीही दिली होती. माझ्या दुखण्याच्या गोळीतली अर्धी. दोनदा. कण्हत होता म्हणून."

काळ्याच्या पोटात नेमकं काय चाललं होतं, ते मला तेव्हा कळलं. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि इथे तर तापानेच रक्त उतरलेलं. माणसांच्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होऊन रक्त जाऊ शकतं, आणि इथे प्लेटलेट आधीच तळाला. एकाने झाडपाल्याच्या नावाने, दुसरीने दवाखान्याच्या नावाने, दोघांनी मायेपोटीच दिलं आणि दोघांनी एकमेकांपासून लपवलं. डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. शिवाय डॉक्सीसायक्लीनची गोळी कडू म्हणून ती दुधातून जात होती, आणि दुधातल्या कॅल्शियमने हे औषध अंगी कमी लागतं.

मी पशुवैद्य नाही, औषध सांगणं माझं काम नाही. मी एक शंभर पानी वही दिली आणि एवढंच ठरवलं: काळ्याच्या तोंडात जे जाईल ते वहीत जाईल, आणि वही डॉक्टरांपुढे उघडली जाईल. लसूण असो, तूप असो, गंडा बांधला तरी लिहायचं.

डॉक्टर समजूतदार निघाले. लसूण बंद म्हणाले, गोळी दुधाऐवजी भाकरीच्या घासात घालायला सांगितली. कोरफडीचं आण्णांनी विचारलं, तर म्हणाले, "गायीच्या कासेला लावली ती वरून. कुत्रं चाटेल, आणि पोटात गेली तर जुलाब लागतील." मग त्यांनी आण्णांना कामं दिली. रोज सकाळी ओठ वर करून हिरडी बोटाने दाबायची, गुलाबी रंग परत येतो का बघायचं. चिमट्याने गोचीड काढून साबणाच्या पाण्यात टाकायचे. भिंतीच्या भेगा बुजवायच्या, कारण कुत्र्यावरचे गोचीड अंगावर कमी, भेगांत जास्त राहतात. आण्णांनी ओट्यामागची भिंत स्वतः सिमेंटने लिंपली, मेच्या उन्हात, डोक्याला ओला गमछा बांधून.

मला विचाराल तर जुनाट सांधेदुखी, म्हातारपण, खाणंपिणं, मालिश, इथे घरगुती उपायांना जागा आहे, डॉक्टरांना सांगून. होमिओपॅथीबद्दल मी साशंक आहे. जनावरांत तिचा गुण ठोसपणे दिसलेला नाही. जंतूचं दुखणं, विषबाधा, रक्त, इथे नाही. आणि रेबीजची लस या वादात आणूच नये. आपल्याकडे कुत्रं चावलं की अजून जखमेवर मिरची भरतात. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं, आणि मग थेट दवाखाना.

२८ व्या दिवशी प्लेटलेट पावणेदोन लाखांवर आल्या. काळ्या माझ्या दारात येऊन पायपुसण्यावर बसला. मी आण्णांना म्हटलं, गोळीने केलं की नाही काम? ते हसले. "मन्ही भाकर खाईसन उठना तो."

थंडीत त्यांचा निरोप आला. काळ्याचे मागचे पाय धरतात, तेल लावायचंय. सुनेने वहीच्या पानाचा फोटो पाठवला होता. आण्णांचं वळणदार, मोठं अक्षर: 'तिळाचं तेल चालेल. लावून पुसायचं, चाटतो. कापूर नको. डॉक्टरला विचारलं.'