हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील मुस्लिम कुटुंबातली विवाहित स्त्री आहे. वडिलांच्या मागे घर आणि दुकान आहे. भाई मला हक्कसोडपत्रावर सही करायला सांगतो आहे. केवळ नावामुळे त्याला पुण्यात तीनदा भाड्याचे घर नाकारले गेले. "बाहेर आपली ही अवस्था, आणि तू घरचे भांडण कोर्टात नेऊन लोकांच्या हाती कोलीत देणार?" असे तो विचारतो. सही न करणे हा समाजाशी द्रोह ठरेल का?

उत्तर : भगिनी, तो द्रोह ठरत नाही.

भाईंचे दुःख मात्र खरे आहे. मुस्लिमांना घर विकत किंवा भाड्याने घेताना अडचणी येतात, याची दखल मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानेही घेतली आहे. नाव ऐकताच समोरच्याचा सूर बदलणे हा अपमान माणूस वर्षानुवर्षे विसरत नाही. पण त्यांना घर नाकारणारा घरमालक पुण्यात आहे, आणि तुमचा वाटा नाकारणारे ते स्वतः आहेत. पहिल्या अन्यायाची वसुली तुमच्या वाट्यातून का व्हावी, याचे उत्तर त्यांच्या बोलण्यात मला कुठेही सापडले नाही.

शिवाय ज्या समाजाच्या नावाने ते सही मागतात, त्याचाच वारसा कायदा तुम्हाला हिस्सा देतो. आई हयात असतील तर त्यांचा आठवा भाग. उरलेल्यात तुम्ही दोघेच असाल तर भावाचे दोन वाटे आणि तुमचा एक.

'ही वेळ नव्हे' हे उत्तर तुमच्या जिल्ह्याला नवे नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईच्या विधानभवनावर नेला, तेव्हा त्यांना स्वकीयांचा मोठा रोष पत्करावा लागला. त्या स्त्रियांचा विरोध असलेल्या तोंडी तलाकातला, एका दमात तीनदा उच्चारायचा प्रकार सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला तो २०१७ साली. मधल्या एकावन्न वर्षांत ज्या ज्या स्त्रीला तीन शब्दांत घराबाहेर काढले गेले, तिच्यासाठी योग्य वेळ कोणती होती?

तुमच्या दाव्याचे निमित्त करून कोणी साऱ्या समाजाला नावे ठेवील, ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. तसे कोणी बोललेच, तर त्याला तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन जा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क मिळाला, तरी त्याच टेबलावर त्याही भावांसाठी हक्कसोडपत्रे करून देतात, आणि माहेर तुटू नये म्हणूनच देतात.

कोर्ट ही पहिली पायरी नसावी. आईंना समोर बसवून भाईंशी बोला. त्यांच्या अपमानाविषयी आधी बोला, कारण तो विषय घरात कोणी नीट ऐकून घेतला असेल असे मला वाटत नाही. वाटा लगेच देणे जमत नसेल तर मुदत आणि रक्कम कागदावर घ्या. तेही नाकारले, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तोवर सही करू नका, कारण नोंदणी झालेले हक्कसोडपत्र रद्द करून घेणे फार कठीण असते. आणि त्या मसुद्यात तुमच्याबरोबर आईंचाही आठवा हिस्सा सोडून दिलेला नाही ना, हे आजच वाचून पाहा.