भिजवलेल्या मांजऱ्या खडकात ध्वनीचा वेग रोज वेगळा का येतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर भागातल्या बोअरमधून काढलेले मांजऱ्या खडकाचे (पोकळ्यांत खनिजं भरलेल्या बेसाल्टचे) 54 मिमी व्यासाचे कोअर, म्हणजे दंडगोल नमुने, दोन दिवस बादलीत भिजवले, काँक्रीट तपासायच्या 54 किलोहर्ट्झच्या यंत्राने वेग मोजला, तर एकाच कोअरचा वेग एकदा सेकंदाला 3,900 मीटर आणि एकदा 4,500 आला. यंत्र बिघडलं का?

यंत्र बहुतेक ठीक असेल. कोअरमध्ये पाणी पूर्ण गेलेलं नाही आणि ही वारंवारता एवढ्या लहान कोअरसाठी फार कमी आहे.

आधी पाणी. बादलीत ठेवलेल्या कोअरच्या पोकळ्यांत हवा अडकून बसते. हवा पाण्यापेक्षा हजारो पटींनी जास्त दाबली जाते, त्यामुळे थोडी हवा राहिली तरी पी-तरंगाचा, म्हणजे खडक पुढे-मागे दाबत जाणाऱ्या ध्वनितरंगाचा, वेग बदलतो, आणि ती रोज सारखी राहत नाही. म्हणून निर्वात पंप लागतोच. इथे क्रम महत्त्वाचा. बरेच जण कोअर पाण्यात बुडवून मग पंप चालू करतात. पण 30 अंशांना पाण्याचा बाष्पदाब सुमारे 4.2 किलोपास्कल असतो, आपल्याकडच्या मे महिन्यातल्या 40 अंशांना 7.4. पाणी आत असेल तर ते उकळू लागतं आणि दाब त्याखाली जातच नाही. पंपाच्या तेलातही पाणी उतरून ते दुधासारखं पांढरं होतं. म्हणून कोरडा कोअर डेसिकेटरमध्ये (हवाबंद काचपात्रात) ठेवा, दाब 800 पास्कलखाली आणून किमान एक तास तसाच ठेवा, मग पंपाची कॉक बंद करून वेगळ्या बाटलीतलं हवा काढलेलं पाणी हळूहळू आत सोडा. कोअर बुडाला की बाहेरची हवा आत घ्या आणि 24 तास पाण्यातच राहू द्या.

पाणी शक्यतो त्याच बोअरचं, गाळून घ्या. डिस्टिल्ड पाण्याने पोकळ्यांतली हिरवट माती फुगू शकते. हवा काढायला ते उकळू मात्र नका. आपलं बोअरचं पाणी जड, उकळलं की क्षार खाली बसतात आणि पाणीच बदलतं. तेही पंपानेच निर्वात करा.

कोअर 60 अंशांवर वाळवा, 105 वर नको. पोकळ्यांत भरलेलं झिओलाइट हे पाणी धरून ठेवणारं खनिज तापलं की स्वतःचं पाणी सोडतं आणि भिजल्यावर परत घेतं. ते तुमच्या हिशेबात सच्छिद्रता (पोकळ्यांचा वाटा) म्हणून मोजलं जातं. वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

मग तीन वजनं. उदाहरणार्थ कोरडं 428.6 ग्रॅम, भिजलेलं 450.8, पाण्यात टांगून 276.4. सच्छिद्रता म्हणजे 22.2 (भिजलेलं वजा कोरडं) भागिले 174.4 (भिजलेलं वजा टांगलेलं), सुमारे 12.7 टक्के. भिजलेलं वजन घेताना कोअर ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसा. कोरडं फडकं तोंडाशी उघड्या असलेल्या पोकळ्यांतलं पाणी ओढून घेतं. ही सच्छिद्रता फक्त एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांची आहे. बंद पोकळ्यांसाठी तुकडा दळून भुकटीची घनता काढावी लागेल.

आता वारंवारता. वेग 4,500 धरला तर 54 किलोहर्ट्झला तरंगलांबी 83 मिमी होते. कोअर जेमतेम 77 मिमी लांब, म्हणजे तरंग कोअरपेक्षा मोठा! 500 किलोहर्ट्झला तरंगलांबी 9 मिमी होते, व्यासात सहा तरंग बसतात. 1 मेगाहर्ट्झ घ्यावंसं वाटेल, पण 4-5 मिमीच्या पोकळ्यांवर तो तरंग विखुरतो आणि पहिली हालचाल गोंगाटात बुडते. मांजऱ्यासाठी 500 ठीक, पोकळ्या फार मोठ्या असतील तर मोठा कोअर आणि 250.

कोअरची दोन्ही टोकं समांतर घासा. चार ठिकाणी व्हर्नियर लावून लांबीत 0.1 मिमीपेक्षा जास्त फरक नको. दोन्ही ट्रान्सड्यूसर (ध्वनी पाठवणारा आणि घेणारा) समोरासमोर चिकटवून शून्यवेळ, म्हणजे यंत्राचा स्वतःचा उशीर, काढा. लांबी 77.1 मिमी, मोजलेली वेळ 18.4 मायक्रोसेकंद, शून्यवेळ 0.7 असेल तर वेग 4,356. शून्यवेळ वजा करायची राहिली तर 4,190. तुमच्या 600 मीटरच्या फरकातला काही भाग इथूनही आलेला असू शकतो. वेळ पहिल्या शिखराला नाही, पडद्यावरची रेघ जिथून उचलली जाते तिथे वाचा.

ट्रान्सड्यूसर नीट टेकावा म्हणून लावायचं व्हॅसलीन थेट टोकाला लावू नका. ते पोकळ्यांत शिरतं आणि उन्हाळ्यात पातळ होऊन ओघळतं. कोअर क्लिंग रॅपमध्ये घट्ट गुंडाळून त्यावर लावा. त्याने पाणीही उडत नाही. मोजणीआधी आणि नंतर रॅपसकट वजन करा. अर्धा ग्रॅम घटलं असेल तर ते वाचन टाकून द्या. एस-तरंगासाठी (खडक आडवा कातरत जाणाऱ्या तरंगासाठी) घट्ट मध चालतो. पाणी मात्र चालत नाही, कारण द्रवातून एस-तरंग जात नाही.

एस-तरंग मोजाच, कारण त्यातून उत्तम पडताळणी होते. पाण्याने घनता वाढते, पण खडकाचा घन सांगाडा कातरताना पाणी आधार देत नाही. म्हणून वरच्या कोअरमध्ये एस-वेग कोरड्यापेक्षा साधारण 2.5 टक्के कमी यायला हवा. यापेक्षा बराच जास्त उतरला तर पोकळ्यांतली माती मऊ पडली आहे. वाढला तर आधी पी-तरंगाचाच मागचा भाग एस म्हणून वाचला नाही ना, ते पाहा. बारीक भेगांतलं पाणी एवढ्या वेगाच्या कंपनात बाहेर निसटू शकत नसल्यानेही खडक ताठ वाटतो. याच कारणाने अल्ट्रासॉनिक वेगावर 1951 चं गासमानचं समीकरण (कोरड्या खडकावरून भिजलेल्याचा ताठपणा काढणारं) थेट लावू नका.

बायो या शास्त्रज्ञाने 1956 मध्ये भाकीत केलेला दुसरा, संथ पी-तरंग (यात पोकळ्यांतलं पाणी सांगाड्याच्या उलट हलतं) शोधायचं तुम्ही शेवटी विचारलंय. प्लोना या संशोधकाला तो 1980 मध्ये दिसला, पण पाण्याने भरलेल्या, मोकळ्या छिद्रांच्या, एकमेकांना जोडलेल्या काचमण्यांत. तुमच्या कोअरची पारगम्यता (पाणी पार जाऊ देण्याची क्षमता) 1 मिलिडार्सीच्या आसपास, म्हणजे फार कमी, असेल तर त्यासाठी 15 मेगाहर्ट्झहून जास्त लागतील, आणि तेवढ्या वारंवारतेचा तरंग या पोकळ्यांतून पलीकडे पोचणार नाही.